चाळीस शब्दांत

पणजीच्या कचेरीतला माणूस म्हणाला,
चाळीस शब्दांपर्यंत एकच दर,
पुढे प्रत्येक शब्दाला वेगळे पैसे.
मग सवयीने त्यानेच लिहून टाकलं :
धर्मनिष्ठ पत्नी, प्रेमळ माता,
दिवाडीच्या एस्पेरान्सा मिनेझिस, वय एक्क्याऐंशी.
सातव्या दिवसाची मिसा अमुक वाजता.
मी मान डोलावली. फोटो दिला. पावती घेतली.

फेरीबोटीत कठड्याला टेकलो तेव्हा
उरलेले शब्द वर यायला लागले,
भरतीला शेवटे उसळतात तसे.

माय, तू मला मराठी शाळेत घातलंस
कारण ती बांधापलीकडे होती आणि फी नव्हती,
आणि केंकरे मास्तर चिखल तुडवत येऊन म्हणाले होते,
पोराचं डोकं बरं आहे.
तुला ही अक्षरं कधी लागली नाहीत.
तू रोमी लिपीतलं प्रार्थनेचं पुस्तक
बोट ठेवून वाचायचीस,
माझी वही उलटी धरून विचारायचीस,
यात देव आहे ना रे कुठेतरी?

पापा तारवटी. वर्षातले दहा महिने
कुठल्यातरी बंदराचा शिक्का असलेलं पाकीट.
घरात आम्ही तिघं, तू, खाजनातली भातशेती,
आणि एक डुक्कर, ज्याला नाव ठेवायची
तुझी सक्त मनाई,
कारण डिसेंबर येणारच होता.

संत नव्हतीस तू.
फणसाच्या एका फांदीवरून
आवरेलीनशी सहा वर्षं बोलली नाहीस.
शनिवारी पाद्रीला ते पाप सांगायचीस,
रविवारी मिसेला पुन्हा तोंड फिरवायचीस.
मग तिचा नवरा वारला त्या रात्री
पेजेचं भांडं घेऊन कुंपण ओलांडलंस,
झग्याची कड काट्यात फाडून घेतलीस
आणि म्हणालीस, फांदी तुझीच होती.
(नव्हती. मी मोजून पाहिलंय.)

सात वाजता तेर्स.
गुडघ्यांखाली पोतं, दाराला कडी.
तुझ्या माळेतला एक मणी कधीतरी हरवला होता,
त्या जागी तू शर्टाचं बटण ओवलेलं,
पांढरं, चार भोकांचं.
बटणापाशी आलीस की तुझा आवाज थांबायचा.
आम्हाला वाटायचं, डुलकी लागली.
रोके खुदकन हसायचा,
डोळे न उघडता तू त्याला टपली मारायचीस
आणि पुढचं नमान मरिये सुरू.

पापा कायमचे घरी आले तेव्हा
त्यांचे हात थरथरायला लागले होते.
अकरा वर्षं भरवलंस त्यांना,
सकाळी बटणं लावलीस, रात्री काढलीस,
आणि कंटाळलीसही.
एकदा विहिरीपाशी तू बादलीला शिव्या देत होतीस,
मी ऐकलं.
नंतर तीच बादली राखेनं लख्ख घासलीस.

त्या दिवशी, पेटी बंद करायच्या आधी,
माळ तुझ्या बोटांत गुंडाळलेली.
पापांना खुर्चीसकट जवळ नेलं.
ते वाकून बघत राहिले, इतका वेळ
की मेणबत्ती धरलेल्या पोराने हात बदलला.
मग अगदी स्पष्ट,
कित्येक महिन्यांतलं पहिलं पुरं वाक्य :
हे माझ्या गणवेशाचं बटण. मी किती शोधलं होतं.

पाद्री थांबला.
आवरेलीन रडता रडता हसली.
कोणीतरी विचारलं, काढून देऊ का?
पापांनी मान हलवली. नको.

फेरी धक्क्याला लागली.
साखळी सोडता सोडता खलाशी म्हणाला,
उद्या छापून येणार ना मायचं?
येणार, म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेलेले.
पापा भिंतीकडच्या पोत्याकडे बघत बसलेले,
शर्टाचं वरचं बटण उघडं, वारा थंड.
मी लावायला गेलो.
त्यांचे हात हलत होते, मग माझेही.
तू एका हाताने लावायचीस,
दुसरा त्यांच्या खांद्यावर असायचा.
मला दोन्ही हात लागले,
तरी भोक सापडेना.